नौकेवरच्या हाऊस बॅटऱ्या: चार्ज कशा करायच्या, सांभाळायच्या कशा

माझी पहिली हाऊस बँक, म्हणजे नौकेवरची उपकरणं चालवणाऱ्या बॅटऱ्यांचा संच, दुसऱ्याच हंगामात बसली. तिच्यावर भार फार नव्हता, पाणी वेळच्या वेळी टाकलेलं होतं, टर्मिनल लख्ख होती. तरी एका पहाटे फ्रिज आपोआप बंद झाला आणि व्होल्टमीटरवर ११.६ दिसले. नंतर लॉगबुक मागे चाळत गेलो तेव्हा कारण सापडलं. सहा आठवड्यांत ती बँक एकदाही पूर्ण भरली नव्हती. रोज सकाळी तासभर इंजिन, रोज ऐंशी टक्क्यांच्या आसपास, आणि रोज तिथेच थांबणं.

म्हणून नौकेवर राहायला येणाऱ्या नव्या माणसाला मी सगळ्यात आधी हेच सांगतो की शिशाची बॅटरी वापरल्याने झिजते त्याहून लवकर अर्धवट भरून ठेवल्याने मरते. आणि शेवटचे वीस टक्के भरायला मोठा चार्जर कामाला येत नाही, तिथे वेळच द्यावा लागतो. पुढच्या बहुतेक पायऱ्या याच गोष्टीभोवती फिरतात. लिथियमचं गणित वेगळं आहे, ते त्याच्या जागी येईल. आकडे १२ व्होल्टच्या नौकेचे आहेत. तुमची २४ व्होल्टची असेल तर व्होल्टेज दुप्पट धरा.

पायरी १: आपल्याकडे काय आहे ते शोधा

बॅटरीचा कप्पा उघडा, टॉर्च घ्या आणि लेबलं वाचा. साधारण प्रत्येक नौकेवर दोन बँका असतात. एक इंजिन सुरू करण्यासाठीची. तिच्यात पातळ प्लेट भरपूर असतात, ती काही सेकंद शेकडो अँपिअर देते आणि लगेच परत भरली जाते. दुसरी हाऊस बँक. तिने दिवे, फ्रिज, पंप, ऑटोपायलट हे सगळं तासन् तास चालवायचं असतं, म्हणून तिच्या प्लेट जाड असतात. स्टार्टरच्या बॅटरीला घरचं काम दिलं की ती थोड्याच महिन्यांत संपते. आणि हाऊस बँक कितीही उतरली तरी इंजिनाची बॅटरी भरलेलीच राहिली पाहिजे. दोन्ही एकत्र जोडणारा स्विच कोणता, तो आत्ता कुठल्या जागी आहे आणि रात्री कुठल्या जागी असायला हवा, हे पहिल्याच दिवशी पाठ करा.

मग हाऊस बँकेचा प्रकार ठरवा. वर झाकणं आहेत आणि आत ॲसिड हलताना दिसतंय, तर ती पाण्याची, म्हणजे फ्लडेड बॅटरी. झाकणं नाहीत आणि ‘एजीएम’ लिहिलं आहे, तर ॲसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं आहे. ‘जेल’ असेल तर ते घट्ट गरासारखं असतं. चौथा प्रकार लिथियम, आणि नौकेवर त्याचा अर्थ जवळजवळ नेहमी लिथियम आयर्न फॉस्फेट. प्रकार, क्षमता, बसवल्याची तारीख आणि कंपनीने सांगितलेली ॲब्सॉर्प्शन व फ्लोट व्होल्टेज (हे चार्जिंगचे टप्पे, पायरी ४ मध्ये येतील) लॉगबुकाच्या पहिल्या पानावर लिहा. पुढे मी जे आकडे देतो ते सर्वसाधारण आहेत. तुमच्या बॅटरीच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर कागदावरचाच खरा.

पायरी २: रोज किती लागतं याचा हिशेब करा

क्षमता अँपिअर-अवरमध्ये मोजतात, बोलताना नुसतं ‘एएच’. १०० एएच म्हणजे ५ अँपिअरचा भार २० तास. हे ‘२० तास’ महत्त्वाचे आहेत. त्याच बॅटरीतून ५० अँपिअर ओढले तर शिशाची बॅटरी दोन तास टिकत नाही, बरीच आधी संपते. पॉयकर्टने १८९७ मध्ये मांडलेला नियम हाच आहे: जितक्या घाईने ओढाल तितकं कमी मिळेल. १००० वॅटची किटली इन्व्हर्टरवर लावली की बॅटरीतून ९० अँपिअरच्या वर प्रवाह जातो, तेव्हा हा नियम अंगावर येतो.

माझ्या वहीतला नांगरावरच्या एका दिवसाचा हिशेब देतो, म्हणजे तुमचा मांडायला सोपा जाईल. फ्रिज चालू असताना ५ अँपिअर घेतो आणि गरम हवेत साधारण निम्मा वेळ चालतो, म्हणून ६० एएच. एलईडी नांगरदिवा रात्रभराचे २. केबिनमधले दिवे ५. फोन आणि लॅपटॉप १५. पाण्याचा पंप २. व्हीएचएफ रेडिओ दिवसा ऐकत ठेवला तर ५. एकूण ८९, म्हणजे नव्वद धरा. आता हीच नौका रात्रंदिवस शिडावर चालली आहे असं समजा. नांगरदिवा जातो, पण ऑटोपायलट सरासरी ३ अँपिअरने ७२ एएच खातो, चार्टप्लॉटर (सागरी नकाशा दाखवणारा पडदा) आणि उपकरणं ३६, मार्गदिवे १०. बेरीज दोनशेच्या पुढे. नांगरावर पुरणारी बँक समुद्रात का पुरत नाही, याचं उत्तर या बेरजेत आहे, आणि त्यातला मोठा वाटा फ्रिज आणि ऑटोपायलटचा आहे. वीज वाचवायची असेल तर फ्रिजला जाड इन्सुलेशन लावा आणि शिडं नीट ट्रिम करून सुकाणूवरचा ताण कमी करा. फोन चार्ज न केल्याने काहीच हाती लागत नाही.

शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये हा जुना नियम बहुतेकांना माहीत असतो. त्याची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. नांगरावर इंजिनाने चार्ज करताना तुम्ही वरही ८०-८५ टक्क्यांच्या पलीकडे सहसा पोचत नाही. म्हणजे ४०० एएचच्या बँकेतले प्रत्यक्ष फिरते १२० ते १४० एएचच. रोज ९० लागत असतील तर ही बँक प्रशस्त नाही, बेताची आहे.

पायरी ३: मोजायला शिका

साधा डिजिटल मल्टिमीटर आधी हवा. शिशाची बॅटरी काही तास ना भार ना चार्ज अशी शांत पडली असेल, तर १२.७ च्या आसपास ती पूर्ण भरलेली आहे (एजीएम थोडी जास्त, १२.८ च्या वर), १२.२ ला साधारण निम्मी, ११.८ ला जवळजवळ रिकामी. अट मात्र ‘शांत’ची आहे. फ्रिज चालू असताना दिसलेले १२.१ म्हणजे निम्मी उतरली असं होत नाही, आणि इंजिन बंद केल्याबरोबर दिसलेले १२.९ म्हणजे भरली असंही नाही. नांगरावर बॅटरी अशी शांत क्वचितच मिळते. म्हणून खरं काम शंट असलेल्या बॅटरी मॉनिटरचं.

शंट म्हणजे ऋण बाजूला बसवलेली, नेमक्या रोधाची एक जाड पट्टी. तिच्यातून गेलेला आणि आलेला प्रत्येक अँपिअर मोजला जातो. बसवताना एक गोष्ट तपासा: बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर शंटची केबल सोडून दुसरी एकही वायर नसावी. सोलरची किंवा पंपाची वायर थेट टर्मिनलवर असेल तर तो प्रवाह मोजणीतून निसटतो.

मॉनिटर ‘पूर्ण’ कधी म्हणायचं ते तुम्ही दिलेल्या सेटिंगवरून ठरवतो. माझी चूक इथेच झाली होती. व्होल्टेज १३.२ च्या वर गेलं आणि प्रवाह थोडा उतरला की मॉनिटर शंभर टक्क्यांवर उडी घ्यायचा, आणि मी समाधानाने इंजिन बंद करायचो. बँक ऐंशीवर असायची. फ्लडेड बॅटरीसाठी हे सेटिंग ॲब्सॉर्प्शन व्होल्टेजच्या जेमतेम ०.२ खाली आणि प्रवाह क्षमतेच्या २ टक्क्यांखाली, तोही काही मिनिटं टिकून, असं ठेवा.

पाण्याच्या बॅटरीला आणखी एक साक्षीदार असतो, हायड्रोमीटर. पूर्ण भरलेल्या सेलमध्ये ॲसिडची घनता १.२६५ ते १.२८० येते, निम्म्यावर १.१९ च्या आसपास. हे स्वस्त काचेचं साधन मॉनिटरसारखं सेटिंगने फसत नाही, आणि सहा सेलांपैकी एकच मागे पडला असेल तर तेही दाखवतं.

पायरी ४: चार्जिंगचे तीन टप्पे समजून घ्या

बॅटरी भरणं हे रिकाम्या सभागृहात लोक येऊन बसण्यासारखं आहे. सुरुवातीला दार उघडलं की लोंढा आत जातो, कारण जागा सगळीकडे आहे. शेवटी एखादी एखादी रिकामी खुर्ची शोधत जावं लागतं, दार कितीही मोठं असलं तरी.

पहिला टप्पा बल्क. चार्जर जितका देऊ शकेल तितका प्रवाह बॅटरी घेते आणि व्होल्टेज हळूहळू चढतं. फ्लडेड बॅटरी आपल्या क्षमतेच्या साधारण पाव पट प्रवाह आनंदाने घेते, एजीएम त्याहून बरीच जास्त. दुसरा टप्पा ॲब्सॉर्प्शन. व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेला पोचतं (फ्लडेडला १४.४ ते १४.८, एजीएमला १४.२ ते १४.७, जेलला १४.१ च्या आसपास) आणि चार्जर ते तिथेच धरून ठेवतो. आता प्रवाह बॅटरी ठरवते, आणि तो उतरत जातो. तिसरा फ्लोट. १३.२ ते १३.८ वर बॅटरी नुसती भरलेली राखायची.

४०० एएचची फ्लडेड बँक निम्मी उतरलेली आहे आणि तुमच्याकडे ८० अँपिअर आहेत असं धरा. ५० वरून ८० टक्क्यांवर जायला १२० एएच लागतात, दीड-पावणेदोन तासांत काम होतं. उरलेले ८० एएच भरायला मात्र चार ते सहा तास लागतात. तुम्ही १५० अँपिअरचा आल्टरनेटर (इंजिनावर फिरणारं वीज बनवणारं यंत्र) आणलात तरी पहिला भाग लवकर उरकेल, दुसरा तितकाच वेळ घेईल.

हा दुसरा भाग सोडून दिला तर काय होतं? बॅटरी वीज देते तेव्हा दोन्ही प्लेटवर लेड सल्फेट तयार होतं, आणि चार्ज होताना ते परत विरघळतं. ताजं सल्फेट मऊ, बारीक असतं. आठवडाभर तसंच राहिलं की त्याचे टणक स्फटिक होतात आणि मग ते नेहमीच्या चार्जिंगला दाद देत नाहीत. तितकी प्लेट कायमची गेली. रोज ऐंशीवर थांबणाऱ्या बँकेत वरचं वीस टक्के सल्फेट असं रोज थोडं थोडं दगड होत असतं. म्हणून आठवड्यातून निदान एकदा, जमलं तर अधिक वेळा, शिशाची बँक खरोखर पूर्ण भरायची.

खरोखर पूर्ण कधी म्हणायची? व्होल्टेज ॲब्सॉर्प्शनच्या मर्यादेवर आहे आणि तरी बॅटरी क्षमतेच्या एक-दोन टक्क्यांहून कमी प्रवाह घेते आहे, तेव्हा. ४०० एएचला हा आकडा ४ ते ८ अँपिअर. पुष्कळ चार्जर हे न बघता घड्याळ बघून फ्लोटवर जातात. तासाभराने फ्लोट आला पण प्रवाह अजून ३० अँपिअर घेतला जात होता, असं दिसलं तर ॲब्सॉर्प्शनचा वेळ वाढवा.

तापमान विसरू नका. वरचे सगळे आकडे २५ अंशांचे आहेत. बॅटरी तापली की तिला कमी व्होल्टेज लागतं, गार असली की जास्त, साधारण दर अंशाला ०.०२४ व्होल्ट. ३५ अंशांच्या कप्प्यात १४.४ ऐवजी १४.१६ पुरतात. चार्जरसोबत तापमानाचा सेन्सर येतो तो पाकिटातच पडून राहिलेला मी किती नौकांवर पाहिला आहे! तो बॅटरीच्या टर्मिनलवर बसवा. इंजिनशेजारच्या गरम कप्प्यातली एजीएम सेन्सरशिवाय चार्ज करणं धोक्याचं आहे. तापलेली बॅटरी जास्त प्रवाह घेते, त्याने आणखी तापते, आणि हे चक्र स्वतःहून थांबत नाही.

पायरी ५: वीज कुठून आणायची आणि कोणत्या वेळी

आल्टरनेटर. त्याच्यावर लिहिलेले १०० अँपिअर तो गार असताना आणि वेगात फिरताना असतात. तापल्यावर आणि इंजिन मंद चालत असताना बरेच कमी मिळतात. शिवाय मूळचा अंतर्गत रेग्युलेटर बहुधा १४ व्होल्टच्या आसपास अडकलेला असतो, कारण तो गाडीसाठी बनलेला आहे. गाडीत बॅटरी जवळजवळ भरलेलीच असते. टप्पे ओळखणारा आणि तापमान बघणारा बाहेरचा रेग्युलेटर बसवला तर त्याच आल्टरनेटरकडून दुप्पट काम होतं. मला विचाराल तर नौकेच्या विजेवरचा पहिला खर्च मी इथेच करेन.

त्याआधी एक फुकट तपासणी करा. चार्जिंग जोरात चालू असताना मल्टिमीटर आधी आल्टरनेटरवर लावा, मग थेट बॅटरीच्या टर्मिनलवर. आल्टरनेटरवर १४.४ आणि बॅटरीवर १३.७ असेल तर बॅटरीला १३.७ च मिळताहेत, आणि ती दिवसभरातही भरणार नाही. बारीक केबल, गंजलेला लग (केबलच्या टोकाचा धातूचा जोड), किंवा दोन बँका वेगळ्या ठेवणारा जुना डायोड आयसोलेटर यातलं काहीतरी मध्ये आहे. तो डायोड एकटाच ०.६-०.७ व्होल्ट खातो. त्याजागी व्होल्टेज बघून जोडणारा रिले किंवा डीसी-टू-डीसी चार्जर लावा.

सोलर. शिशाच्या बँकेसाठी सोलर म्हणजे वरदान, कारण त्याच्याकडे प्रवाह थोडा असला तरी वेळ भरपूर असतो, आणि शेवटच्या वीस टक्क्यांना नेमका तोच हवा असतो. आडव्या बसवलेल्या १०० वॅटच्या पॅनेलकडून स्वच्छ उन्हाच्या दिवशी २५ ते ३० एएच धरावेत, त्याहून जास्त नाही. नव्वदची गरज असेल तर ३०० ते ४०० वॅट. सावली हा सोलरचा खरा शत्रू. पॅनेलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे बूमची (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याची) हाताएवढी सावलीही त्या पट्ट्यातली सगळी वीज अडवते. नांगरावर असताना बूम एका बाजूला बांधून ठेवण्याने मला कधीकधी नव्या पॅनेलइतका फरक पडलेला दिसला आहे. एकापेक्षा जास्त पॅनेल असतील तर प्रत्येकाला वेगळा एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा) द्या, म्हणजे एकावरची सावली दुसऱ्याला बाधत नाही. जोडताना कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना उलट.

पवनचक्कीची ताकद वाऱ्याच्या वेगाच्या घनाने वाढते. १० नॉटला जे मिळतं त्याच्या आठपट २० नॉटला. पण आपण नांगर टाकायला वाऱ्याचा आडोसा शोधतो, म्हणून पुष्कळांची निराशा होते. फिरत्या चक्कीची वायर बॅटरीपासून कधीही सोडू नका. आधी ब्रेक लावून ती थांबवा.

धक्क्यावरची वीज सर्वांत सोपी, पण तिच्यासोबत येणाऱ्या अर्थिंगच्या वायरने तुमची नौका शेजारच्या नौकांशी विद्युतदृष्ट्या जोडली जाते आणि तुमचा झिंक (बाकीचे धातू वाचवण्यासाठी स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा) भराभर झिजू लागतो. गॅल्व्हॅनिक आयसोलेटर किंवा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असल्याशिवाय केबल दिवसेंदिवस लावून ठेवू नका.

आता दिवसाचा क्रम. इंजिन चालवायचंच असेल तर सकाळी, बॅटरी सर्वांत उतरलेली असताना चालवा. त्या वेळी ती सगळा प्रवाह घेते आणि डिझेलचा पुरेपूर उपयोग होतो. प्रवाह निम्म्यावर आला की बंद करा. उरलेलं काम दुपारच्या उन्हावर सोपवा. उलट केलंत, म्हणजे दिवसभर उन्हाने भरून संध्याकाळी ‘वर थोडी भर’ म्हणून इंजिन चालवलंत, तर ते १० अँपिअरसाठी बिनभाराचं गुरगुरत राहतं. डिझेल इंजिनाला असं तासन् तास बिनभार चालणं बाधतं, सिलिंडर चकाकतात आणि काजळी साचते.

पायरी ६: लिथियम असेल किंवा घ्यायचं असेल तर

इथे बरेच नियम उलटे होतात. लिथियम आयर्न फॉस्फेटला पूर्ण भरण्याची गरज नसते. महिनाभर ४० ते ८० टक्क्यांत राहिली तरी तिचं काही बिघडत नाही, उलट सतत शंभरावर धरून ठेवलेली तिला आवडत नाही. चार्ज १४.२ ते १४.४ पर्यंत, ॲब्सॉर्प्शन थोडाच वेळ, फ्लोट १३.५ किंवा त्याखाली. ८० टक्के वापरायला मिळते, म्हणून २०० एएचची लिथियम बँक वर सांगितलेल्या ४०० च्या शिशाच्या बँकेहून जास्त काम करते. व्होल्टेज मात्र जवळजवळ सगळा वेळ १३.२-१३.३ वर सपाट राहतं, त्यावरून काहीच कळत नाही. शंटशिवाय पर्याय नाही, आणि काही आठवड्यांतून एकदा पूर्ण भरून शंटची मोजणी जुळवून घ्यावी. त्याच वेळी आतले सेलही एकमेकांशी समान होतात.

लिथियमची अडचण ती स्वतः नाही, तिच्या भोवतीची जुनी व्यवस्था आहे. शिशाची बॅटरी भरत आली की प्रवाह कमी घेते, आणि त्यामुळे आल्टरनेटरला आपोआप विश्रांती मिळते. लिथियम शेवटपर्यंत पूर्ण प्रवाह ओढते. साधा आल्टरनेटर असा बराच वेळ पूर्ण भारावर चालला तर जळू शकतो. दुसरा धोका बीएमएसचा, म्हणजे लिथियम बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटचा. सेलला जपण्यासाठी तो क्षणात बॅटरी तोडतो. त्या क्षणी आल्टरनेटर जोरात चालू असेल तर त्याची वीज जायला जागा उरत नाही, व्होल्टेजचा झटका उसळतो आणि डायोड जातात, कधी त्याच वायरवरची उपकरणंही. नवख्यासाठी सरळ उपाय हा: आल्टरनेटर इंजिनाच्या शिशाच्या बॅटरीलाच जोडलेला ठेवा, आणि तिथून मर्यादित प्रवाहाच्या डीसी-टू-डीसी चार्जरने लिथियम भरा. वेग कमी मिळतो, झोप चांगली लागते.

शून्य अंशाखाली लिथियम चार्ज करू नका, आत धातूचं लिथियम जमतं आणि ते परत निघत नाही. चार्जरमधलं इक्वलायझेशन (मुद्दाम केलेला जास्तीचा चार्ज) किंवा डीसल्फेशन बंद करा. आणि मुख्य फ्यूज ‘क्लास टी’चाच घ्या. शॉर्ट झाल्यावर ही बॅटरी हजारो अँपिअर ओतते, आणि साधा फ्यूज वितळूनही मधल्या ठिणगीतून प्रवाह चालू ठेवू शकतो. क्लास टी २०,००० अँपिअरपर्यंत तोडतो.

पायरी ७: नेमाची देखभाल

महिन्यातून एकदा, उष्ण हवेत दोनदा, फ्लडेड बॅटरीची झाकणं उघडा. पाणी चार्ज झाल्यानंतर टाकायचं, कारण चार्ज होताना ॲसिड फुगतं आणि आधी भरलेलं बाहेर येतं. अपवाद एकच, प्लेट उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील एवढंच टाका, मग चार्ज, मग उरलेलं. पाणी फक्त डिस्टिल्ड. ॲसिड कधीही टाकायचं नाही.

हे काम करताना चष्मा आणि हातमोजे घाला, अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा. पाना टर्मिनलला आणि अंगठीला एकाच वेळी लागला तर बोट जातं. सोडताना ऋण केबल आधी, जोडताना ऋण शेवटी. चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगीने पेटतो, म्हणून कप्प्याच्या वरच्या बाजूला हवा जायला वाट हवी. आणि बॅटरी बिल्जच्या, म्हणजे नौकेच्या तळाशी साचणाऱ्या पाण्यापासून उंचावर ठेवा. समुद्राचं पाणी ॲसिडमध्ये गेलं तर क्लोरीन वायू तयार होतो, आणि बंद केबिनमध्ये तो जीवघेणा आहे.

टर्मिनलवर पांढरं-हिरवं साचलं असेल तर खायचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने धुवा (झाकणं घट्ट लावून, सोडा आत जाता कामा नये), कोरडं करा, लग घासून चकचकीत करा, आवळा, आणि मग वरून पेट्रोलियम जेली. जेली आवळण्याआधी नाही, नंतर. भार चालू असताना लगवर हात ठेवून बघा. बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर तिथला जोड सैल किंवा गंजलेला आहे.

बॅटऱ्या समांतर जोडलेल्या असतील तर मुख्य धन केबल एका टोकाच्या बॅटरीवरून आणि ऋण दुसऱ्या टोकाच्या बॅटरीवरून काढा. दोन्ही एकाच बॅटरीवरून घेतल्या तर तीच जास्त राबते आणि आधी मरते. प्रत्येक बँकेच्या धन केबलवर बॅटरीजवळच फ्यूज हवा. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलचा मानदंड हे अंतर सर्वसाधारणपणे ७ इंच सांगतो. बँक पट्ट्याने इतकी घट्ट बांधा की नौका आडवी झाली तरी ती जागेवर राहील.

फ्लडेड बँकेतले सेल एकमेकांपासून दूर गेले, म्हणजे पूर्ण चार्जनंतरही एकाची घनता १.२६५ आणि दुसऱ्याची १.२३ अशी आली, तर इक्वलायझेशन करा. हा मुद्दाम केलेला जास्तीचा चार्ज, १५.५ व्होल्टच्या आसपास, कमी प्रवाहाने, काही तास. सगळी उपकरणं बंद आणि सुटी, हॅच उघडे, जवळ ठिणगी नाही, आणि दर तासाला हायड्रोमीटर. घनता वाढायची थांबली की थांबा. हे धक्क्याच्या विजेवरच सोयीने होतं. जेलला कधीही करू नका, एजीएमला कंपनीने स्पष्ट सांगितलं असेल तरच.

पायरी ८: नौका सोडून जाताना

शिशाची बँक पूर्ण भरून मगच जा. फ्लडेड बॅटरी उष्णतेत महिन्याला दहा टक्केही स्वतःहून उतरू शकते. सोलर चालू ठेवा, बिल्ज पंप सोडून सगळं बंद करा, आणि पंपाची वायर मुख्य स्विचच्या आधीच, स्वतःच्या फ्यूजमधून जाते आहे ना ते बघा. लिथियम उलट, निम्म्यावर आणून सगळ्यापासून तोडून ठेवा. अशा वेळी पंपासाठी शिशाची वेगळी बॅटरी लागते, ती भरलेली असू द्या.

पायरी ९: वर्षातून एकदा क्षमता तपासा

बँक पूर्ण भरा, रात्रभर शांत ठेवा. मग क्षमतेच्या विसाव्या भागाइतका भार लावा, ४०० एएचला २० अँपिअर. दिवे, पंखे, इन्व्हर्टरवरचा एखादा दिवा असं जुळवून मॉनिटरवर तो आकडा शक्य तितका स्थिर राखा. व्होल्टेज १०.५ ला येईपर्यंत किती तास लागले ते लिहा. सोळा तास, म्हणजे ८० टक्के, ही रेषा. त्याखाली आली तर बँक उताराला लागली आहे, लांबच्या पल्ल्यावर तिच्या भरवशावर जाऊ नका. चाचणी संपताच, त्याच दिवशी, बँक परत पूर्ण भरा.

बदलायची वेळ आली तर सगळ्या बॅटऱ्या एकदम बदला. तीन जुन्यांत एक नवी घातली तर जुन्या तिला आपल्या पातळीवर ओढतात. नव्या बसवल्या की त्याच आठवड्यात ही चाचणी एकदा करा आणि आकडा लॉगबुकाच्या पहिल्या पानावर, तारखेखाली लिहा.